दुखणं लपवून खेळणारा

नवऱ्याचा लाडका बेसबॉलपटू गेला, त्याला आठवडा झाला होता. छातीत दुखतंय म्हणून घरी सोफ्यावर आडवा झाला, तो उठलाच नाही. वय नवऱ्याएवढंच, पन्नाशीच्या जरा पुढे. बातमी वाचल्यापासून मी रात्री उठून नवऱ्याचा श्वास चालू आहे ना, ते बघत होते.

कारण नवऱ्याच्याही छातीत दुखत होतं. थंडी संपल्यापासून. त्याच्या मते ते पित्त. आपल्याकडच्या पुरुषांना हृदय नसतंच, गळ्यापासून बेंबीपर्यंत नुसतं पित्त असतं! आणि मी, बायोटेकच्या लॅबमध्ये दिवस काढणारी शहाणी बाई, त्याला रोज सकाळी मोरावळा देत होते. डॉक्टरची अपॉइंटमेंट त्याने दोनदा कॅन्सल केली. मीही फार ताणून धरलं नाही. पित्त म्हटलं की मलाच बरं वाटायचं.

त्या रविवारी दुपारी, मॅचच्या आधी, त्याला श्रद्धांजली द्यायला चाहते स्टेडियमच्या दाराशी जमणार होते. आम्ही राहतो त्या बॉथेल गावाहून आम्हीही गेलो. पार्किंगपासून दारापर्यंत थोडासा चढ. तेवढ्यात तो तीनदा थांबला.

"थांब, एक फोटो काढतो."

तिसऱ्यांदा मी वाकून पाहिलं. फोनचा स्क्रीन काळाच होता. फोटो कसले, तो दम खात होता. पण विचारायचं मला धाडस झालं नाही.

दाराशी फुलं, टोप्या आणि चेंडूंचा ढीग पडला होता. बाजूला एक माईक. लोक रांगेने येऊन आठवणी सांगत होते. एक आजोबा म्हणाले, पायाचं बोट मोडलेलं असताना तो अख्खी मॅच खेळला, कोचलाही कळू दिलं नाही. टाळ्या. एका बाईने सांगितलं, अंगात ताप असताना त्याने भिंतीवर आदळून झेल घेतला. पुन्हा टाळ्या. माझं डोकं तापलं. अरे, असाच लपवून लपवून गेला ना तो? आणि तुम्ही टाळ्या कसल्या पिटताय! नवरा मात्र कीर्तनाला बसल्यासारखा मान डोलवत होता. हा आता यातून काय शिकून घरी येणार?

मग तोच माईकसमोर गेला. इंग्रजीत बोलू लागला.

"मी भारतातून आलो तेव्हा इथे कोणाला ओळखत नव्हतो. ऑफिसात कोणीतरी मॅचचं तिकीट दिलं. मी क्रिकेटवाला, मला नियम कळेनात. पण हा माणूस चेंडूमागे ज्या जिवाच्या आकांताने धावायचा, ते कळलं. त्या उन्हाळ्यात फक्त त्याच्यासाठी येत राहिलो."

तो थांबला. मला वाटलं, संपलं.

"तो दुखणं लपवायचा. मीही लपवतो. चार पावलं चाललं की छाती आवळते, डावा हात जड होतो. बायकोला मी पित्त सांगतो. ती घाबरेल म्हणून नाही. मी घाबरतो म्हणून."

लोकांनी सगळ्यात जोरात टाळ्या त्याच्यासाठी वाजवल्या. आजोबांनी त्याची पाठ थोपटली. त्यांना वाटलं, किती सुंदर बोलला.

मी गर्दीतून वाट काढत त्याच्यापर्यंत पोचले. "चल. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला. मी ड्राइव्ह करते."

मला वाटलं, आता म्हणेल, काहीतरीच काय, मॅच बघून जाऊ. रागाने बोलायची माझी सगळी तयारी होती. पण त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता, आणि कपाळावर घाम होता. त्याने माझ्या खांद्यावर हात टाकला. अंगाचं सगळं वजन माझ्यावर आलं.

"पार्किंगपर्यंत नाही जमणार मला," तो हळूच मराठीत म्हणाला. "तू नाईन-वन-वन लाव, अ‍ॅम्ब्युलन्स बोलाव."