टाकळा उपटणारी सोमीबाई

सोमीबाई टाकळा उपटताना त्याच्याशी बोलायची. "चल ये, लय माजलास," म्हणत बुडाला धरून मुळासकट ओढायची. कोवळा पाला ओच्यात, फुलावर आलेला मुळं वर करून दगडावर. बदलापूरपलीकडच्या डोंगरवाडीवरून ती आमच्या अंबरनाथ पश्चिमेच्या घरी तंगडतोड करत यायची. आषाढात वाडीवरचं धान्य संपलेलं असे. आमच्या अंगणात माजलेला टाकळाच तिच्या पोरांची भाजी. मजुरीपेक्षा तिला त्याचीच ओढ जास्त.

मी एकदा नुसते शेंडे खुडले, तर मला हसली. "बाय, शेंडा खुडशील तर त्यो आनखी फुटंल. खायाचा तर मुळासकट काढून खावा."

आमचे हे कारखान्यात अधिकारी. मोठ्या साहेबांच्या बंगल्यापुढची हिरवळ बघून आले आणि ह्यांना चैन पडेना. कुठूनसा एक डबा पैदा केला. फवारलं की गवत राहतं आणि टाकळा मरतो म्हणे. सोमीबाईला सांगून टाकलं, "उद्यापासून येऊ नकोस." आणि संध्याकाळी मी देवळात गेले होते, तेवढ्यात फवारून मोकळे झाले. मला सांगितलं नाही, कारण मी भांडले असते. भांडलेच असते.

सकाळी हे ड्यूटीवर गेले. मी नेहमीसारखा टाकळा काढून निवडायला बसले, तर सोमीबाई दारात.

"बाय, मजुरी नको. नुसता पाला नेते. घरी पोरांना काय घालू?"

मी हो म्हणणार, तोच तिची नजर सुपात गेली. देठ पीळ घातल्यासारखे वळले होते. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तिनं एक पान चुरगळून नाकाशी नेलं आणि सूप उचलून सरळ उकिरड्यावर रिकामं केलं.

"ह्यो खाऊ नको. ह्याच्यावर कायतरी घातलंय."

मी भडकले. "काम गेलं म्हणून माझ्या मुलांच्या तोंडचा घास काढतेस होय गं?" ती तशीच निघून गेली.

हे घरी आल्यावर मी विचारलं, तेव्हा ह्यांनी डबा दाखवला. वर कवटी काढलेली. 

रविवारी आम्ही दोघं वाडीवर गेलो. "परत कामाला ये," म्हणत ह्यांनी तिच्यापुढे हात जोडले, मी तर रडलेच. ती म्हणाली, "येते की साहेब. पन औंदा तुमच्या जागंतला पाला कुनी खायाचा न्हाय." आली. पावसाळाभर उपटत राहिली आणि सगळा टाकळा खड्ड्यात पुरला. हिरवळीचं खूळ तिथंच संपलं.

सोमीबाईला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. तिचे उपकार फिटायचे नाहीत, हे मुलांना मी नेहमी सांगते. एक गोष्ट मात्र अजून सलते. त्या सकाळी ती रिकाम्या ओच्यानं परत गेली. माझ्या मुलांना तिनं वाचवलं, आणि तिची मुलं त्या दिवशी काय जेवली, हे मी तिला कधी विचारलंच नाही.