वाण म्हणून मिळालेला सॉना

"करंगळी काढावी लागेल," डॉक्टर म्हणाले. "आज काढली तर पाऊल वाचेल."

ठाण्याच्या हॉस्पिटलात उजवा पाय उघडा टाकून मी पडलेले. शेजारी आमचे हे, हातात एक्स-रेचं पाकीट. मला रडू आलं नाही. मला मंजिरीचा चेहरा आठवला आणि अंगाचा तिळपापड झाला.

मंजिरी आमच्याच डोंबिवलीच्या सोसायटीतली, तिसऱ्या मजल्यावरची. तळमजल्यावरच्या गाळ्यात तिने वेलनेस सेंटर काढलेलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाईने वाण काय द्यावं? इन्फ्रारेड सॉनाचं कूपन, तीन वेळा फुकट! सॉना म्हणजे कपाटाएवढी लाकडी खोली, भिंतींत तापणारे पॅनल. आत बसून घाम काढायचा. मला नकोच होतं ते. पण वाण कुणी नाकारतं का? आणि मिळालेलं वाण वाया घालवायचं नाही, ही माझ्या आईची शिस्त. गेले मी, मूर्खासारखी.

जायच्या आधी मी विचारलेलं, हे लक्षात ठेवा.

"मंजिरी, मला पंधरा वर्षं शुगर आहे. तळपाय बधिर असतात. चालेल ना?"

"अहो काकू, शुगरवाल्यांना तर बेस्ट! पाय पॅनलला टेकवून बसा, रक्त कसं धावतं बघा."

टेकवले. छान वाटलं, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या खेपेनंतर घरी आले तर हे विचारतात, "अगं, लादीवर पाणी सांडलंस का?" पाणी नव्हतं. माझ्या पायाचा फोड फुटून वाहत होता आणि मला पत्ताच नाही.

चार दिवस घरीच मलम चोपडत बसले. ही चूक माझी, तिची नाही. पाचव्या दिवशी करंगळी काळी पडली.

हॉस्पिटलात आधी डॉपलर केलं, म्हणजे पायात रक्त किती पोचतं ते पाहिलं. मग तासभर बाकावर. समोरच्या टीव्हीवर कुणीतरी ढोकळा करत होतं. डॉक्टरांनी आत बोलावून सांगितलं, "तुम्हाला पेरिफेरल न्यूरोपथी आहे. शुगरने पायाच्या नसा खराब होतात. चटका बसतो, पण कळत नाही. अशा पायाला शेक द्यायचाच नसतो."

दुपारी करंगळी काढली. मग दिवसाआड डिब्राइडमेंट, म्हणजे मेलेलं मांस खरवडून काढणं. ड्रेसिंगवाल्या सिस्टरने एक सवय लावली. रोज सकाळी पायाखाली आरसा धरायचा आणि तळवा बघायचा. आपला पाय आपल्याला सांगत नाही, तर आपण बघायचं.

तिथे पडल्या पडल्या मोबाईलवर सोसायटीच्या महिला ग्रुपचा मेसेज आला. मंजिरी लिहिते, "काकूंनी शुगर असल्याचं सांगितलंच नव्हतं. गेट वेल सून." वर गुलाबाचं फूल! करंगळी गेली ते मी गिळलं असतं. पण मला खोटं पाडलं? त्या दिवशी ठरवलं, हिच्याच तोंडून खरं वदवून घेईन. ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही.

जखम भरायला तीन महिने गेले. मग मी संक्रांतीची वाट पाहिली.

यंदाचं हळदीकुंकू मी केलं. मंजिरीला चार बायकांदेखत आमंत्रण दिलं, म्हणजे टाळायची सोय नाही. आली. काळी साडी, तोंडभर हसू. तिळगूळ दिला, गोड मात्र बोलले नाही. वाण म्हणून सगळ्यांना एकेक हातात धरायचा आरसा दिला आणि तळपाय कसा बघायचा ते करून दाखवलं. तिनेही घेतला. वाण कुणी नाकारतं का?

मग लहान म्हणून तिला माझ्या पाया पडणं भागच होतं. मी मुद्दाम मोजे घातले नव्हते. उजवा पाय पुढे केला. ती वाकली आणि तिचा हात करंगळीच्या रिकाम्या जागेपाशी थबकला. खोलीत वीसेक बायका.

"आता सांग, मी तुला शुगरचं सांगितलेलं की नाही?"

"सांगितलेलं, काकू."

"मोठ्याने बोल ना गं, मागे ऐकू जात नाही."

"सांगितलेलं!"

"सुखी राहा," म्हटलं आणि पाय मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी तिच्या दारावर पाटी लागली: मधुमेहींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आत येऊ नये. माझ्यासारख्या शुगरवाल्या बायांनो, अशी पाटी नसेल तिथेही हेच समजा.

पाऊल वाचवल्याबद्दल मी डॉक्टरांचे रोज मनातल्या मनात आभार मानते. ती वाकली, त्या दिवशी जरा जास्तच मानले.