छाती पाडायची नाई

तेलंगणातल्या आमच्या इचोड्याची तालीम मनजे पंक्चरच्या दुकानामागचं पत्र्याचं शेड. आत मारुतीचा फोटो, एक तडकलेला आरसा आन् वजनं मनून ट्रकचे जुने गिअर. हायवेवर एखादा ट्रक मोडला की आमी पोट्टे पयत जाओ. डायवरले वाटे, मदतीले आले बिचारे. आमी पाहो, याचं मोडलेलं आपल्या कामाचं हाय का. एक्सलच्या दांडीले दोन टोकाले गिअर अडकवले की झालं आमचं सामान. ग्रीसचा वास अंगाले असा बसे की घरचे विचारत, "काऊन रे, गॅरेजात लागला का?"

तालमीचे मालक, गुरू, देव सगळं काही आमचे वस्ताद. त्याहीले मान नव्हतीच. डोकं डायरेक खांद्यावर आणून ठेवलेलं. आवाज पोटातून निंगे. मी त्याहीची नक्कल इतकी झ्याक करो की एकदा शेडाबाहेरून "आरे हरामखोरहो!" मनलो तं आतले सगळे दंड मारायले लागले.

वस्तादाचा एकच कायदा. छाती पाडायची नाई. तालमीत पाय ठेवला की श्वास भरायचा, छाती फुगवायची आन् तशीच ठेवायची. त्याहीले रामराम घालायचा तोबी भरल्या छातीनं. मनून आमचे रामराम बकरीसारखे निंगत. कोनाची छाती जराशी उतरली की वस्ताद ओला पंचा पोटावर सप्पकन मारत. "छाती पडली की मानूस पडला!" हे त्याहीले कोनं शिकवलं, ते विचारायची सोय नव्हती. विचारायले श्वास सोडा लागे.

खाण्यापिण्याचं ग्यानबी तिथंच भेटे. व्यायाम करतानी पाणी प्यायचं नाई, दम जाते. सोता मात्र खाटेवर बसून गोटीसोडा पेत. अंडं कच्चंच खायचं, शिजवलं की ताकत उडून जाते. आन् ज्वारी मनजे ढोराचं खाणं, तिच्यानं मांस येत नाई.

माहा मावसभाऊ, माह्याहून मोठा, मनून दादा, या तालमीचा हिरा होता. त्याच्या घरी भाजीपाल्याचा धंदा. वांगे-टमाट्याचे टोपले उचलून उचलून अंग आधीच दगडासारखं झालं होतं. त्याले पोलिसात जायचं होतं. दोन भरत्या लेखी परीक्षेतच गेल्या, ग्राउंडपर्यंत पोचलाच नाई. आता आली ती शेवटची, आन् यंदा लेखी निंगाली होती. पुढच्या भरतीले वय निंगून जाणार होतं. मंग जिंदगीभर टोपले. हे त्याले माहीत होतं, मावशीले माहीत होतं, आन् बजारातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाले मावशीनं सांगून ठेवलं होतं.

वस्ताद एक दिवस वांगे घ्यायले आले आन् मावशीले मनले, "माय, याले भाकर बंद कर. भाकरीवर कोनी शिपाई होत नाई."

त्या दिवसापासून दादाच्या ताटात पोळी आली. बाकी घर भाकर खाय आन् त्याच्या ताटाकडं पाहे. घर माळकरी, मनून अंडे ढाब्यामागं. दादा नाक दाबून कच्चं अंडं गिळे, वरून लवंग चावे, आन् घरी गेल्यावर मावशी मने, "लेकराचं तोंड कसं देवळासारखं वास देते!"

सकाळी आमी नेरडीगोंड्याच्या रोडनं पयायले जाओ. दादाच्या मांगं कोनी टिकत नसे. मी तं पहिल्याच पुलावर बसो आन् वापस येणाऱ्याईले हायवेवरच्या आरटीओ इन्स्पेक्टरच्या आवाजात विचारो, "ए, परमिट कुठाय?"

भरतीच्या दिवशी मी दादासंगं आदिलाबादले गेलो. ग्राउंडच्या तारेबाहेर उभा राह्यलो. आत पह्यले उंची, मंग छाती, आन् जे पास होतीन त्याहीनंच पयायचं. छातीचं माप दोनदा. एकदा श्वास सोडून, एकदा भरून. दोन्ही मापात ठरलेला फरक पडला पाह्यजे. हे कागदावर लिहिलेलं होतं. आमी सगळ्याईनं वाचलं होतं. पण वस्ताद आदल्या दिवशी मनले होते, "ते मनतीन श्वास सोड. फसवतेत. छाती उतरली की पह्यल्याच मापात बाहेर काढतेत. तू पाडू नको."

दादाचा नंबर आला. टेप घेतलेला हवालदार तेलुगूत मनला, "गाली वदुलू." दादाची छाती तशीच. हवालदाराले वाटलं याले तेलुगू येत नाई. मंग हिंदीत मनला, "सांस छोड भाई."

दादाले दोन्ही भाषा चांगल्या येत होत्या. पण तो तालमीत उभा राह्यल्यासारखाच उभा. मान ताठ, छाती मटक्यासारखी. हवालदारानं माप लिहिलं. मंग मनला, "अब भर." आता भरून भरून किती भरीन? भरलेल्या पोत्यात अजून कापूस घालायले गेल्यासारखं. दादाचं तोंड लाल झालं, डोये बाहेर आले, आन् टेप काही सरकला नाई.

"नेक्स्ट," हवालदार मनला.

दादाच्या मांगं आमच्याच तालमीतला एक काडीपैलवान होता. वस्ताद त्याले रोज पंचा हाणत. तो इतका भेला होता की टेप लागताच फुस्सकन सगळी हवा सोडली. मंग भीतीनं मोठा श्वास घेतला. पास.

ज्याच्यामांगं आख्ख्या रोडवर कोनी टिकत नव्हतं, त्याले त्या ग्राउंडवर पाऊलभर पयू देलं नाई. आमी तारेबाहेरून दुसऱ्याईले पयताना पाह्यलं. बाकीचे हापत होते. दादा मनला, "चाल, बस निंगून जाईन."

संध्याकाळी तालमीत वस्तादानं निकाल देला. "मी सांगतलं होतं ना? लहानपणापासून ज्वारी! दोन महिन्याच्या पोळीनं काय होते?" आन् काडीपैलवानाच्या गळ्यात हार घालून मनले, "हा माहा पठ्ठ्या." मावशी तिथंच उभी होती. घरी गेली आन् ज्वारीचं पीठ गाईपुढं टाकून आली. धाकट्या लेकराईलेबी तिनं मंग भाकर देली नाई, रेशनचा तांदूळ तेवढा शिजवला.

पुढं मी वऱ्हाडात व्यायामशिक्षकाच्या कोर्सले गेलो. पह्यल्याच हप्त्यात सरनं माह्या छातीले टेप लावला आन् मनले, "सोड." माही छाती आपोआप फुगली. फासळ्या उघडतेत कशा, त्याच्याखालचा पडदा खाली जाते कसा, सगळं त्याहीनं फळ्यावर काढलं. पूर्ण सोडल्याशिवाय पूर्ण भरता येत नाई, इतकीशी गोष्ट. पाणी व्यायामातबी प्यायचं असते. अंडं शिजवूनच अंगी लागते. आन् भाकर, तुरीचं वरण, वर मूठभर शेंगदाणे, हे पयणाऱ्या पोट्ट्याले एक नंबरचं जेवण. मनजे मावशीच्या चुलीवर सगळंच होतं. फक्त वस्तादानं ते बंद करायले लावलं होतं.

सुट्टीत इचोड्याले आलो तवा वस्तादाचा सत्कार होता. पोलिसात गेलेल्या पोट्ट्याईनं ठेवला होता. मले मनले, नक्कल कर. मी केली. वस्ताद सोता हासले. दादा टोपले उतरवून आला होता, तोबी हासला. मंग सगळ्यात आधी तोच उठला आन् वस्तादाच्या पाया पडला.

माह्या आंगाची आग झाली. त्याले बाहेर चहाच्या ठेल्यावर नेलं आन् सगळं सांगतलं. फासळ्या, पडदा, भाकर, सगळं.

तो चहा फुंकत ऐकत राह्यला. मंग मनला, "मले माहीत हाय."

"कवापासून?"

"त्याच दिवशी. तो काडी पास झाला तवाच समजलं."

"मंग पाया काऊन पडला बे? आन् मावशीले सांग ना! ते बिचारी आजबी मनते माह्या भाकरीनं घात केला."

"काय सांगू? श्वास सोडायचा होता आन् मी सोडला नाई, हे? दोनदा सांगतलं तरी नाई सोडला?" त्यानं कप खाली ठेवला. "भाकरीनं हारलो मनलं तं लोक हो मनतेत, गरिबाचं पोट्टं, काय करीन. खरं सांगतलं तं हासतीन. तूच उद्या माही नक्कल करशीन."

"नाई करत."

"आता करून दाखव बरं. करता येते का नाई?"

येत होती. मान ताठ, डोये बाहेर, वर सरकत नसलेला टेप, सगळं मले त्याच क्षणी अंगात आल्यासारखं दिसत होतं. मी कप तोंडाले लावला. तो माह्या तोंडाकडं पाहून हासला, चहाचे पैसे त्यानंच देले, आन् उरलेले वांगे सुकायच्या आत विकायले बजारात गेला.