पालथा बगळा

पक्ष्यांचे नावाजलेले छायाचित्रकार पाठक सर यांना फोटो दाखवण्याची रीत ठरलेली होती. महिन्याचा पहिला रविवार, समर्थनगरमधलं त्यांचं घर, जेवणाचं टेबल. सर एकेक फोटो उचलायचे, बघायचे आणि पालथा ठेवायचे. आवडला तरच उताणा. बोलणं क्वचितच.

सोमनाथ उकर्डे यांचे नऊ वर्षांत सगळे फोटो पालथे पडले. ते शेंद्र्याच्या एका कारखान्यात ऑपरेटर, राहायला करमाडला. सुट्टीच्या दिवशी पहाटेच मोटरसायकलवर जायकवाडीच्या काठाला. याला कारण सरांचा एक फोटो. धुक्यात राखी बगळा, एक पाय पाण्यातून नुकता सुटलेला, पंख अजून मिटलेले. बगळा उडालेला नाही, पण आता तो थांबणार नाही हे दिसतं. प्रदर्शनात सोमनाथ त्यापुढं अर्धा तास उभे राहिले, त्याची प्रत घेतली आणि तसा एक क्षण आपल्याला मिळावा म्हणून फिरत राहिले.

"बगळ्यालाबी तुमची वळख झाली आसंल आता," बायको सुरेखा म्हणायची. "चहा तरी इचारतो का?"

यंदा मार्चमध्ये सर कायमचे पुण्याला लेकीकडं निघाले. त्यांच्याकडच्या शेवटच्या रविवारी सुरेखानं अट घातली: एक फोटो जरी उताणा राहिला तर ती या फिरण्यावरून पुन्हा बोलणार नाही, नाही राहिला तर कॅमेरा कपाटात. सोमनाथ कबूल झाले. निकाल बघायला तीही सोबत गेली.

अकरा फोटो पालथे पडले. बाराव्याला सरांनी भिंग मागवलं. मोतीबिंदूनं त्यांना हल्ली नीट दिसत नव्हतं. फोटो खिडकीकडं धरून बराच वेळ बघितला आणि उताणा ठेवला.

"जमलं रे तुला. पाय बघ त्याचा."

"ठिवला!" सुरेखानं नवऱ्याचा दंड धरला. "आवो, ठिवला की!"

सोमनाथांनी अकराच फोटो निवडले होते. निवडताना शेजारी ठेवलेली सरांच्या बगळ्याची प्रत चुकून पाकिटात आली होती. गप्प राहिले असते तर कुणालाच कळलं नसतं.

"सर, हा तुमचा हाय."

सरांनी पुन्हा भिंग लावलं.

"माझा? पाण्यावर तरंग उठलेत. बटण दाबायला उशीर झालाय मला." तोही त्यांनी पालथा ठेवला.

सुरेखानं बाराही फोटो गोळा करून पाकिटात घातले. करमाडला दारात मोटरसायकलवरून उतरल्यावर ती म्हणाली, "जा म्हणं रविवारी. मी अट सोडली."

"सरांचाबी पालथाच पडला. आता जाऊन काढू तरी काय?" सोमनाथ म्हणाले.

कॅमेरा त्यांनी स्वतःच कपाटात ठेवला.