उजेडाचं वेळापत्रक माझं होतं

सुभानपुऱ्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये, टीव्हीच्या शेजारी, खाऱ्या पाण्याची टाकी आहे. आत दोन नारिंगी मासे आणि दगडांना धरून वाढणारी मऊ प्रवाळं. टाकी आणली नवऱ्याने. रिफायनरीतल्या कुणाच्या तरी घरी पाहून आला आणि हट्टाला पेटला. महिन्याभरात त्याची हौस फिटली आणि टाकी माझ्या गळ्यात पडली.

गळ्यात पडली खरी, पण मग मला तिचा लळा लागला. प्रवाळाच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यावर प्रवाळ जगतं, हे मी वाचून काढलं. उजेड कमी पडला तर ते उपाशी. एकदम जास्त झाला तर ते शेवाळच अंगातून निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. समुद्रात काही कुणी बटण दाबून दिवस उगवत नाही. म्हणून मी दिव्याच्या मोबाइल अ‍ॅपवर टाकीसाठी दिवस आखला. सकाळी अगदी मंद निळा, मग हळूहळू चढत दुपारपर्यंत पांढरा. आमची खिडकी पश्चिमेची, दुपारनंतर ऊन थेट काचेवर येतं, त्या वेळी दिव्याचा उजेड उतरवायचा. संध्याकाळी पुन्हा निळा, आणि आमची जेवणं झाली की अंधार. हे जमायला मला कितीतरी आठवडे लागले. छत्रीसारखं एक जांभळं प्रवाळ होतं, ते मिटलं की उजेड थोडा कमी करायचा, फुललं की तसाच ठेवायचा.

मग आईचा पाय मोडला. भाऊ परगावी, म्हणून मी आठ-दहा दिवस नागरवाड्यात तिच्याकडे राहिले. निघताना नवऱ्याला एवढंच सांगितलं, "माशांना खायला घाला. दिव्याला हात लावू नका."

परत आले ती दार उघडताच डोळे दिपले. टाकी लग्नाच्या मांडवासारखी झगझगत होती. काचेवर हिरवट थर, दगडांवर तपकिरी शेवाळ, आणि ती जांभळी छत्री आक्रसून कागदासारखी पांढरी.

"अहो, हे कुणी केलं?"

"अगं, ऑफिसातली मंडळी आली होती. निळ्या उजेडात काही दिसेना. टाकीच्या दुकानवाल्याला बोलावलं, त्याने सेट करून दिलं. दिवसभर छान दिसतं आता."

"मला फोन का नाही केला?"

"तू आईच्या गडबडीत होतीस."

मी लंकेत गेले नव्हते. नागरवाड्यात होते, रिक्षाने वीस मिनिटांवर. आईला औषध देता देता मी फोनवर भाजीवाल्याशी बोलले, सोसायटीच्या सेक्रेटरीशी बोलले, गॅसवाल्याशी बोलले. एका दिव्याबद्दल मात्र मला विचारायचं कुणाला सुचलं नाही.

दुकानवाल्याला फोन लावला. दुकान शहराच्या दुसऱ्या टोकाला, हरणीला आहे, पण दुसऱ्याच दिवशी तो हजर झाला. हातात शेवाळावरच्या निळ्या औषधाची बाटली. आत येताच गुजरातीत म्हणाला, "भाभी, साहेब क्यां छे?"

"साहेब नाइट शिफ्ट करून झोपलेत. माझ्याशी बोला."

त्याने टाकीकडे न पाहताच बाटली माझ्या हातात दिली. "साहेब ऊठे पछी फोन करावजो ने. सेटिंग एमने पूछीने करेलुं छे."

साहेब उठले की फोन करायला सांगा म्हणे, सेटिंग साहेबांना विचारून केलेलं! साहेबांना त्या प्रवाळांची नावंसुद्धा माहीत नव्हती. माझं डोकंच फिरलं. मी गुजरातीतच सुरू झाले, आणि आवाज चांगलाच चढला असणार. पांढरा दिवा दिवसभर कुठल्या समुद्रात असतो, ते विचारलं. दुपारचं ऊन दाखवलं. बाटली त्याच्या हातात परत कोंबली. तो शांतपणे म्हणाला, "पण साहेबने मान्य छे?"

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं. विस्कटलेल्या केसांनी नवरा बाहेर आला. "काय आरडाओरडा चाललाय? टाकीतलं तिलाच कळतं. तिलाच विचारा ना!"

वैतागून म्हणाला, माझी बाजू घ्यायची म्हणून नाही. झोप मोडली होती. तरी इतक्या दिवसांत हे वाक्य त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं, आणि तेही त्या दुकानवाल्यासमोर. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्या एका वाक्यासाठी एका प्रवाळाचा जीव का जावा लागला, याचाच राग येत राहिला.

छत्री गेलीच. आठवड्याभरात तिचा चिखल झाला, तो मी चमच्याने काढून टाकला. बाकीच्यांसाठी दिवा अगदी मंद केला, जणू टाकीत रोज आभाळ भरून आलंय, आणि मग दर आठवड्याला थोडा थोडा चढवत नेला. गवतासारखी डुलणारी हिरवी प्रवाळं आधी सावरली. बटणांएवढी तांबडी फुलं फार उशिरा उघडली, काही अजून फिकीच आहेत. दुकान मी बदललं. नव्या दुकानातही काउंटरवरचा माणूस आधी नवऱ्याकडेच बघतो. आता मी त्याच्या नजरेच्या मध्ये जाऊन उभी राहते.

आणि दिव्याच्या अ‍ॅपला पासवर्ड घातला. गेल्या रविवारी नवऱ्याने तो मागितला.

"घरातल्या दिव्याचा पासवर्ड मला नको का माहीत असायला?"

"कशाला हवाय?" मी विचारलं.

मी पासवर्ड दिला नाही.