गुब्बिओचे सात पत्रे

सौदीतल्या यान्बूच्या रिफायनरीत यंत्रांच्या नकाशांचं स्टोअर सांभाळणारा कादिर मूळचा हर्णैचा. शिक्षण दहावी, पण इटालियन फडाफडा वाचायचा. स्टोअरमधले निम्मे नकाशे इटालियन. चुकीच्या कपाटात गेले की शिव्या यालाच, म्हणून झक मारत शिकला. पुढे फाबियो नावाचा इटालियन इंजिनिअर काम संपवून गेला आणि जाताना आपल्या मुलखाचा, उंब्रियाचा, जाडजूड इतिहास याच्या टेबलावर ठेवून गेला. झालं! माणूस कामातून गेला.

रोमच्या आधीचे उंब्री लोक, शेजारचे एट्रुस्कन, पुढे स्पोलेतोत ठाण मांडून बसलेले लोंबार्ड सरदार, सगळ्यांची भांडणं त्याला घरच्या भाऊबंदकीसारखी पाठ. जीव मात्र जडला तो गुब्बिओ गावातल्या सात पत्र्यांवर. काशाचे पत्रे, त्यांवर उंब्री लोकांचे पूजाविधी कोरलेले. मरायच्या आधी ते एकदा बघायचे, एवढीच त्याची हौस.

"अवो, त्यांवर काय तुमच्या आज्याचं नाव हाय?" गावाहून फोनवर त्याची बायको हलिमा विचारायची.

साठी आली. मार्चअखेर इकामा, म्हणजे सौदीत राहायचा परवाना, संपणार आणि कंपनी कायमचं घरी धाडणार. नोकरी आहे तोवरच इटलीच्या व्हिसाची आशा. हर्णैतल्या रिकामटेकड्या म्हाताऱ्याला कोण विचारतो? फाबियोने निमंत्रण पाठवलं. कादिर नवा शर्ट घालून जेद्दाला, इटलीच्या व्हिसा कचेरीत गेला.

खिडकीतली हैदराबादी बाई इकामा बघून थबकली. "अंकल, इसमें तो चरवाहा लिखा है."

लिहिलेलंच होतं. सव्वीस वर्षांपूर्वी एजंटाकडे मेंढपाळाचाच व्हिसा शिल्लक होता. कागदावर काही का असेना, काम तर स्टोअरचं, असं तेव्हा सगळेच म्हणाले. पुढे सरकारने धंदा दुरुस्त करून घ्यायची मुभा दिली, तेव्हा अख्खा कॅम्प रांगेत उभा राहिला. हा शहाणा मात्र उभा राहिला नाही. ड्यूटीनंतरचे दोन तास त्याचे पुस्तकाचे, आणि नेमकं लोंबार्डांचं प्रकरण रंगात आलेलं. उद्या बघू म्हणाला, आणि मुदत गेली.

अर्ज फेटाळला. प्रवासाचा हेतू पटत नाही, असं छापून आलं. मेंढपाळाला इतिहासाशी काय घेणं? कादिरला इतका संताप आला, की तो काढायला माणूस सापडेना. शेवटी स्वतःवरच निघाला.

गावी जायच्या दिवशी सामान जास्त भरलं. पुस्तक बाहेर काढावं लागलं. खोलीतला सोबती, श्रीवर्धनचा हारून, ते चाळत म्हणाला, "चाचा, एवढं काय हाय रं बाबा त्या पत्र्यांवर?"

"गाव शुद्ध करायचा विधी." कादिरने बॅगेची चेन जोर लावून ओढली. "गावाभोवती फिरायचं आणि परक्यांची नावं घेऊन सांगायचं, हद्दीबाहेर व्हा. चार जमातींची नावं हायत."

"मंग?"

"मंग काय? खलास. वीस वर्षं वाचत व्हतो, हारून. मजेनं वाचत व्हतो. गाववाल्यांच्या बाजूनं."