दुर्वाआक्काचे नऊ गुंठे

वीतभर जागा रिकामी दिसली की दुर्वाआक्काला चैन पडायचं नाही. नवऱ्याच्या फौजेतल्या जुन्या बुटांत तिने पुदिना लावला होता. फुटक्या हंड्यात आळू, न्हाणीच्या पाण्यावर केळी, कुंपणावर दोडका. तिच्या घरात मी भाड्याने राहायला गेले, तेव्हा माझ्या खोलीच्या खिडकीखाली दीड हात मोकळी जागा होती. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकी उघडली, तर आक्का तिथे मिरचीची रोपं लावत होती. "बाई, तुमी शाळंत असता दिसभर. जागा बिचारी एकटीच की!"

वाईपासून पाच-सहा किलोमीटरवरचं ते गाव. मी तिथल्या शाळेत नव्याने शिक्षिका म्हणून लागले होते. आक्काचा नवरा फौजेतून घरी आला आणि दोन वर्षांतच गेला. वाटणीत दिरांना उसाची काळीभोर जमीन मिळाली आणि हिला घराभोवतीचे नऊ गुंठे. गाव हळहळलं. आक्का मात्र म्हणायची, "ऊस दीड वर्सानं एकदा त्वांड दावतो. माजी पानं रोज सकाळी हाक मारत्यात, आक्का, चल बाजारला."

आणि ती जायचीच. केळीची पानं, आळू, कढीपत्ता, गावठी अंडी आणि टोपलीत सगळ्यात वर ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या दुर्वांच्या जुड्या. वाईत पूजा सांगणाऱ्या गुरुजींची घरं पुष्कळ, त्यामुळे दुर्वांना बारा महिने मागणी. यावरूनच तिचं नाव पडलं. रविवारी दुर्वा खुडायला ती मलाही शेजारी बसवायची. 'विकते' हा शब्द तिला आवडायचा नाही, ती 'पोचवते' म्हणायची. एसटीत बसल्यावर वाई येईपर्यंत अर्धा कढीपत्ता शेजारपाजारच्या बायकांना पोचलेला असायचा. अंडी खरंच गावठी आहेत ना, असं घरी येऊन कुणी विचारलं, तर अंगणाकडे बोट दाखवायची. "कोंबडी हितंच हाय. तिलाच इचारा."

तिचा मुलगा शिरवळला कंपनीत होता. दर सुट्टीला येऊन म्हणायचा, "आई, आता बास कर की. माझ्याकडं चल." आक्का विचारायची, "तुज्या तिसऱ्या मजल्यावर माती हाय का?" मग ती त्याच्या पिशवीत भाजी कोंबायची.

एका वर्षी गणपतीला चार दिवस उरले असताना थोरल्या दिराने बांधावर तणनाशक मारलं. वारा आमच्या बाजूला वाहत होता. फवारा थेट दुर्वांच्या वाफ्यांवर आला. एका मोठ्या गुरुजींना आक्काने टोपल्या भरून दुर्वा कबूल केल्या होत्या. वर्षातली तिची सगळ्यात मोठी कमाई तीच. वाफे तर हिरवेगार दिसत होते. औषधाने गवत पिवळं पडायला आठवडा लागतो. मी आपलं सुचवलं, "स्वच्छ धुऊन दिल्या तर? कुणाला कळणार आहे?"

आक्काने माझ्याकडे पाहिलं. "बाई, शाळंत पोरास्नी ह्येच शिकिवता व्हय?"

मी पिशवी उचलली आणि शाळेची वाट धरली.

ती रिकाम्या हाताने वाईला गेली आणि गुरुजींना खरं ते सांगून आली. गुरुजी चिडले. ऐनवेळी त्यांनी दुसरीकडून माल घेतला आणि पुढच्या वर्षीही तिथूनच घेतला. परत आल्यावर आक्का थोरल्या दिराच्या दारात उभी राहिली. आवाज चढवला नाही. "भावजी, तुमचं तण गेलं आन् माजं पीक गेलं. गवत येकच हुतं."

आक्काने सगळे वाफे खणून काढले आणि विहिरीकडच्या कोपऱ्यात नव्याने दुर्वा लावल्या. पुढच्या हंगामात तो बांध दिराने स्वतः विळ्याने साफ केला. तिसऱ्या वर्षी श्रावणात गुरुजी स्कूटरवरून दारात आले. "आक्का, बाजारातल्या दुर्वा घरी पोचेतो काळ्या पडतात हो. रागावला नाहीत ना?"

"आवं, राग धरायला जागा कुटं हाय हितं?" आक्का म्हणाली. "किती जुड्या पोचवू?"

पुढे माझी बदली सांगलीला झाली. आक्काचा फोन यायचा. एकदा म्हणाली, "सांगलीकडं हळदीची पानं वावरातच टाकून देत्यात म्हणं. खरं हाय का? मोदकाखाली घालाय हितं लोक शोधत फिरत्यात." त्यानंतर प्रत्येक गणपतीला सुट्टीत आक्काकडे जाताना माझ्या मांडीवर हळदीच्या पानांचा भारा असायचा आणि सगळी एसटी घमघमायची. मी, एक सरकारी शिक्षिका, पानं पोचवू लागले होते.

गेल्या थंडीत आक्का गेली. चार दिवस अंगात ताप, एवढंच निमित्त झालं. मी भेटायला गेले, तेव्हा आता हे नऊ गुंठे विकले जाणार, असं धरूनच चालले होते.

मुलगा विहिरीजवळ उकिडवा बसला होता. समोर पाण्याची बादली आणि पुढ्यात मुळासकट उपटलेल्या दुर्वांचा ढीग. मला पाहून ओशाळला. "गुरुजींचा फोन आला हुता. उद्या पोचवतो म्हणालो. पण जमंना बाई. आईनं मला कधी हात लावू दिला न्हाई. म्हणायची, तू शिक, कंपनीत जा."

मी पदर खोचला आणि त्याच्या शेजारी बसले.

"उपटायचं नाही," मी म्हणाले. "तीन पात्यांचा कोवळा शेंडा बघायचा आणि नखाने खुडायचा. असा."